दातांच्या डॉक्टरांचा रणगाडा

माणसाने रणगाडा बांधायला घेऊ नये. घेतलाच तर चार लोकांना सांगू नये. सांगितलंच, तर निदान शेजारच्या कॅप्टनना तरी सांगू नये. डॉक्टरांनी या तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून केल्या, आणि पुढे जे काही झालं त्याचा दोष ते कधी बायकोला, कधी मावशींना, तर कधी हलक्या प्रतीच्या प्लास्टिकला देत असतात.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. आणि रणगाडा म्हणजे अर्थातच खरा नव्हे. खोक्यातून सुटे भाग येतात, ते आपण जोडायचे, रंगवायचे, आणि मग हातातल्या रिमोटवर तो मांजराएवढा रणगाडा चालतो, वळतो, तोफ फिरवतो आणि मनात आलं तर धुडुम् असा आवाजही करतो. डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. कॅप्टननी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की डॉक्टर, तुम्हाला नक्की झालंय काय?

झालं होतं, पण ते फाटकापाशी सांगण्यासारखं नव्हतं. काही दिवसांपूर्वी एका पेशंटच्या दाताच्या मुळात बारीक सुई घालताना सुईचं टोक हललं होतं. किती हललं? मोहरी हलेल इतकं. पेशंटला पत्ताही लागला नाही, तो बिचारा डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेत होता. पण मावशींनी पाहिलं. मावशी म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. हत्यारं धुण्यापासून घाबरट पेशंटना दटावण्यापर्यंत सगळं त्याच बघत, आणि जे जे बघत त्यावर बोलत. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी धसका घेतला तो त्यामुळे.

दातांच्या डॉक्टरकडे असतं तरी काय? एक खुर्ची, एक दिवा आणि दोन स्थिर हात. खुर्ची आणि दिवा दुकानात मिळतात. डॉक्टर गुपचूप आपल्या फिजिशियन मित्राकडे गेले. त्याने इथे ठोकलं, तिथे दाबलं, नाकाला बोट लावायला सांगितलं आणि आजार वगैरे काही नाही असा निकाल दिला. वर म्हणाला, बोटांना दुसरं काहीतरी बारीक काम दे, विरंगुळा होईल. विरंगुळा हा शब्द ज्याने काढला त्याने आयुष्यात कधी रणगाडा बांधला नसणार.

खोक्यावर जे चित्र होतं त्यात तोफेच्या बाजूला, रणगाड्याच्या तोफ धरून गोल फिरणाऱ्या डोक्यावर, म्हणजे टरेटवर, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा आकडा होता, तीनशे सात. तो चिकटवायला आयतं स्टिकर येतं. डॉक्टरांनी मनाशी ठरवलं की स्टिकर लावायचं नाही. आकडा हाताने काढायचा, बारीक ब्रशने, एका दमात. सरळ आला तर दवाखाना चालू. हात हलला तर पाटी उतरवायची आणि खुर्ची कोणातरी तरुण पोराला देऊन टाकायची. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं कशाला?

बायकोला, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या वहिनींना, त्यांनी एवढंच सांगितलं की एक छंद घेतोय. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणून वहिनींनी न्हाणीघरातला नळ गळत असल्याची आठवण करून दिली. तो नळ गेली कित्येक वर्षं गळत होता आणि डॉक्टरांच्या प्रत्येक आनंदाच्या क्षणी त्याचं नाव निघत असे.

कॅप्टनविषयी सांगायचं राहिलं. ते सैन्यात कधीच नव्हते. कॉलेजात व्हॉलीबॉलच्या संघाचे कप्तान होते, तेही मूळ कप्तानाला कांजिण्या आल्या तेवढ्यापुरते. पण हाक तीच पडली, आणि हाक पडली की माणूस हळूहळू त्या हाकेसारखा होत जातो. रणगाडा म्हटल्याबरोबर त्यांची छाती पुढे आली. आपण या मोहिमेत तुमच्या पाठीशी आहोत, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. शत्रू पुढे असला तर माणूस निदान बघून तरी घेतो, हा पाठीशी उभा होता.

खोकं परदेशातून यायचं होतं आणि आलंही, फक्त घरी आलं नाही. ते पार्सल ऑफिसात अडकलं. तिथल्या खिडकीत एक साहेब गालाला हात लावून बसले होते. त्यांच्यासमोरच्या कागदावर ‘रणगाडा, तोफेसह’ असं लिहिलेलं होतं. तोफेतून काही उडतं का, असं साहेबांनी विचारलं. डॉक्टर सज्जन माणूस. ते म्हणाले, प्लास्टिकची बारीक गोळी उडते. म्हणजे उडतं, असं म्हणून साहेबांनी कागदावर रेघ मारली. उडतं ते शस्त्र, आणि शस्त्र असेल तर परवाना.

डॉक्टर म्हणाले, अहो, हे खेळणं आहे. साहेबांची हरकत नव्हती. खेळण्याची खिडकी पलीकडे होती. तिथल्या बाईंनी खेळणार कोण असं विचारलं, आणि डॉक्टरांनी मान खाली घालून ‘मी’ म्हटल्यावर बाईंनी चष्मा काढून त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. खेळण्याला मूल लागतं. तुमच्या घरात मूल आहे का? नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली. मग हे खेळणं होत नाही. छंद असा काही प्रकार आहे का तुमच्याकडे, असं डॉक्टरांनी अगदी काकुळतीला येऊन विचारलं. तो नव्हता. शिवाय रिमोट म्हणजे बिनतारी यंत्र, त्याला आणखी वेगळं खातं, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं.

पुन्हा पहिल्या खिडकीशी आले तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. ज्या माणसासमोर अख्खं गाव निमूट तोंड उघडतं, त्याला इथे तोंड उघडायची चोरी. साहेब अजून गालाला हात लावून बसले होते. सवयीने डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं की उजवीकडची खालची, शेवटची ना? गार पाणी लागलं की कळ थेट डोक्यात जात असेल. साहेबांनी हात खाली घेतला. त्यांची नजर एकदम मऊ झाली. गावात कोणी कोणी डॉक्टर नुसतं औषध देतात, काढायचं नाव घेत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. डॉक्टरांनी त्यांना या म्हणून सांगितलं.

रणगाडा सुटला. ‘दंतवैद्यकीय साहित्य, पट्ट्यांवर चालणारे’ असा शेरा होता. कायदा कोणासाठी वाकत नाही म्हणतात ते खरं आहे, पण दाढ ठणकत असली तर तो जरा सरकून जागा करून देतो.

जोडणी आधी जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. आमटीत स्क्रू सापडल्यावर ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत हलली. तिथे एरवी मावशी हत्यारं धूत आणि वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करीत. त्यांनी टेबलाचा एक कोपरा रिकामा करून दिला, पण त्यांचा चेहरा काही ठीक नव्हता. ते एकंदर प्रकरण त्यांना घाण वाटत होतं.

डॉक्टर मात्र रंगात आले. दात तपासायचा छोटा आरसा घालून ते रणगाड्याच्या पोटातले स्क्रू बघत. भागाभागांत फट राहिली तर दात भरायचं सिमेंट भरून ते घट्ट करायचा निळा दिवा मारत. रणगाडा कुठल्याही युद्धात टिकला असता, विशेषतः गोड खाण्याविरुद्धच्या. अडचण एकच होती. त्यांचं लक्ष रणगाड्यापेक्षा स्वतःच्या बोटांकडे जास्त असे. हलतोय का? आता हलला का? हा हलला की नुसता वाटला? अशाने माणसाचा हात काय, भिंतसुद्धा हलेल.

आणि कॅप्टन होतेच. ते रोज तपासणीला येत. चाकं फार जवळ आहेत, तोफ फार लांब आहे, आणि आमच्या वेळी रणगाडे असे नव्हते. तुमच्या वेळी म्हणजे कधी, असं विचारायची सोय नव्हती. रणगाड्याच्या पट्ट्यांच्या कड्या एकेक करून जोडायच्या असतात. त्यातली एक हरवली. मावशींनी खोली झाडून काढली, वहिनींनी कोचाच्या उशा उलट्या केल्या, कॅप्टन बॅटरी घेऊन पेशंटच्या खुर्चीखाली पालथे पडले आणि तिथून सूचना देत राहिले. शेवटी ती डॉक्टरांच्याच कोपराला चिकटलेली निघाली. काखेत कळसा नि गावाला वळसा. कॅप्टन म्हणाले की पहिल्यापासून माझा संशय तुमच्यावरच होता.

पहिल्या चालीच्या दिवशी रणगाडा दवाखान्यातून थेट पेशंट बसतात त्या खोलीत गेला. तिथे एकच बाई बसल्या होत्या आणि त्या पळून जाण्यासाठी आधीच निमित्त शोधत होत्या. त्या गेल्या. डॉक्टरांनी तोफ डावीकडे वळवली, आणि बाहेर कॅप्टनचं नवं स्वयंचलित फाटक उघडलं. तोफ उजवीकडे वळवली, फाटक मिटलं. मध्ये कॅप्टनची गाडी होती.

दोन्ही रिमोटांची लहर एकच होती म्हणे. कॅप्टन रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांना ही लष्करी महत्त्वाची गोष्ट वाटली. गाडीच्या चेपलेल्या दाराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी तह केला. इथून पुढे रणगाडा चालवण्यापूर्वी डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर ओरडून सूचना द्यायची. आणि असं ठरल्यामुळे, ज्यांच्या नावाने गल्लीतली पोरं दात घासतात ते डॉक्टर रोज खिडकीतून डोकं बाहेर काढून, ‘कॅप्टन, तोफ वळवतोय हो,’ असं ओरडू लागले. समोरच्या औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघत. डॉक्टरांना वाटे, धरणीमातेने पोटात घ्यावं.

मग रंग. रंगासाठी एअरब्रश आणला. तो हवेच्या दाबावर चालतो, आणि दातांच्या दवाखान्यात हवेच्या दाबाला तोटा नसतो. खुर्चीशेजारची जी बारीक नळी पेशंटच्या दातावर फुंकर मारते, तिचीच हवा डॉक्टरांनी एअरब्रशला जोडली. दोन पेशंटच्या मधे मागच्या खोलीत जायचं, नळी जोडायची, थोडा हिरवा मारायचा, नळी पुन्हा खुर्चीला लावायची. वेगळा पंप कशाला? बचत ही अशीच असते, ती सुचते तेव्हा फार शहाणी वाटते.

एक दिवस एअरब्रशचं तोंड वाळक्या रंगाने बुजलं. डॉक्टरांनी ते बोटाने दाबून धरलं आणि हवा सोडली, म्हणजे अडकलेला रंग मागे जाईल. तो मागे गेला. नळीत गेला. तेवढ्यात मावशींनी आवाज दिला की पार्सल ऑफिसातले साहेब आलेत. डॉक्टरांनी नळी खुर्चीला लावली, साहेबांना झोपवलं, धीर दिला आणि सवयीप्रमाणे हवा येते का हे बघायला तोंडाबाहेरच एक फुंकर मारली.

साहेब पांढऱ्या शर्टात आले होते. मिशीही पांढरीच होती. मग मावशी पुढे झाल्या आणि रंग पाण्याचा आहे, जाईल, असं म्हणून त्यांनी साहेबांना एखाद्या भांड्यासारखं पुसायला घेतलं. साहेबांनी आरसा मागितला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “हे ते दंतवैद्यकीय साहित्य का?”

दाढेचं काम डॉक्टरांनी त्या दिवशी केलं नाही. हिरवा रंग हे त्याचं कारण नव्हतं. ती दाढ अवघड होती, मुळं वाकडी होती, आणि अवघड दाढ दिसली की अलीकडे त्यांना काहीतरी सबब सुचत असे. त्यांनी साहेबांना वरच्या चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. साहेब दुखरी दाढ आणि हिरवी मिशी घेऊन गेले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही. मावशी पुन्हा काही बोलल्या नाहीत, आणि डॉक्टरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रणगाडा मात्र सुरेख रंगला. हिरवागार, एकसारखा, कुठे ओघळ नाही. वहिनींनीसुद्धा चांगला दिसतोय म्हटलं, आणि त्यानंतर नळाचा विषय काढला नाही म्हणजे बघा. पण पुस्तिकेचं एक पान राहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की आता रणगाडा मळवा. त्यावर चिखल लावा, गंज लावा, धुराचे डाग पाडा, नाही तर तो खेळण्यासारखा दिसेल.

वहिनींच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता. कोचावर चादर होती आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर टॉवेल होता. या घरात नव्या वस्तूला आपल्या हाताने गंज लावायचा हे त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी चारचारदा विचारून खात्री करून घेतली. आधी नवा आणायचा, मग जोडायचा, मग रंगवायचा आणि मग त्याची नासाडी करायची, असंच ना? मग गच्चीवरची माझी लोखंडी खुर्ची घ्या की, ती आयती गंजली आहे.

डॉक्टरांचा स्वतःचाही हात धजेना. आयुष्यभर लोकांची कीड काढली, डाग काढले, आणि आता ते डाग लावायचे? कॅप्टन कामाला आले ते इथे. त्यांनी बागेतला चिखल बादलीभर आणला आणि आघाडीवर अगदी असाच असतो अशी ग्वाही दिली. जुन्या कुलुपाचा गंज किसून आणला. डॉक्टरांनी एक ठिपका लावला. मग दुसरा. मग त्यांना चटक लागली. चाकांच्या खाचांत वाळलेला चिखल, तोफेच्या तोंडाशी काजळी, झाकणांच्या कडांना गंज. कित्येक संध्याकाळी त्यांनी त्यात घातल्या, आणि शेवटी रणगाडा असा दिसू लागला की वहिनींनी त्याला वर घरात आणायची बंदी केली. डॉक्टरांना तो फार आवडला. इतकी घाण त्यांनी जन्मात कधी केली नव्हती.

आता उरला आकडा. आणि आकड्याचं काही जमेना. आज उजेड कमी आहे. आज चहा जास्त झाला. आज बुधवार आहे. डॉक्टर टरेट रोज काढत, दिव्याखाली धरत, ब्रश उचलत आणि ठेवून देत. इकडे अवघड दाढा एकामागून एक वरच्या चौकात जाऊ लागल्या. पेशंट विचारत, डॉक्टर, तुम्ही का नाही काढत? डॉक्टर म्हणत की तिकडे मशीन नवं आहे. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते बोलताना त्यांचे कान लाल होत असत.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला. मावशींना सांगितलं की उद्या सकाळी मला थोडं काम आहे, आणि परवापासून पेशंट घेऊ नका, मी सांगेन मग. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मागच्या खोलीकडे पाहिलं आणि बरं म्हटलं.

सकाळी डॉक्टर खाली आले. टेबलावर रणगाडा होता. त्यावर टरेट नव्हतं. चिखल नव्हता, गंज नव्हता. रणगाडा लखलखत होता. मावशी वाफेच्या यंत्रापाशी उभ्या होत्या, आणि यंत्राने नुकतीच शिट्टी दिली होती.

यंत्रातून टरेट निघालं ते उकडलेल्या बटाट्यासारखं. एक बाजू बसली होती, झाकण आत गेलं होतं, आणि तोफ मान खाली घालून जमिनीकडे बघत होती. मावशींना वाईट वाटलं, नाही असं नाही, पण अपराधी अजिबात वाटलं नाही. तुम्ही सुट्टी घेणार म्हणालात म्हणून खोली आवरायला घेतली, असं त्यांचं म्हणणं. त्यावर गंज होता, डॉक्टर. दवाखान्यात गंज. कोणी पेशंटने बघितलं असतं म्हणजे? ब्रशने घासून निघाला तेवढा काढला, आणि जेवढं यंत्रात मावलं तेवढं घातलं. “तुम्हीच सांगितलंय मला, मळकं दिसलं की विचारत बसायचं नाही, आधी मशिनात.”

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते भिंतीवर लिहूनही लावलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, ते वाकलेलं टरेट हातात घेतल्यावर त्यांना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. आता आकडा काढायला नको. आता काही कळायला नको. हे लक्षात आलं आणि त्यांचा असा भडका उडाला की काय सांगावं. आधी स्वतःवर, मग मावशींवर, मग त्या विरंगुळावाल्या मित्रावर, पार्सल ऑफिसावर, सगळ्या जगावर.

नेमके तेव्हाच कॅप्टन आले. गाल टोपीएवढा सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला. रात्रभर झोप नव्हती. दाढ ठणकत होती, आणि वरच्या चौकातला दवाखाना आज बंद होता. पण जीभ शाबूत होती. टरेट बघताच ते सुजलेल्या तोंडाने सांगू लागले की तोफ सरळ करायची तर आधी ती कोमट पाण्यात...

“बसा,” डॉक्टर म्हणाले. “आणि आ करा.”

दाढ वाईट होती. वरचा भाग किडून गेलेला, मुळं वाकडी, अशा दाढा डॉक्टर अलीकडे लांबूनच ओळखून चौकात पाठवत. आज त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. ते इतके चिडलेले होते की त्यांनी भुलीची सुई दिली, चिमटा मागितला आणि कामाला लागले. डोक्यात एकसारखं चालू होतं. म्हणे कोमट पाणी. म्हणे आघाडीवर असाच चिखल असतो. बघितलाय का कधी आघाडीवरचा चिखल? व्हॉलीबॉल खेळायला गेला होतात काय आघाडीवर? दाढ मध्येच मोडली आणि मुळाचं टोक आत राहिलं. डॉक्टरांनी बारीक हत्यारासाठी हात पुढे केला, मावशींनी ते न विचारता हातात ठेवलं. आणि रोज खिडकीतून ओरडायला लावलं मला, तोफ वळवतोय हो, तोफ वळवतोय हो. टोक केसाएवढं होतं, शेजारी नस होती. डॉक्टरांनी ते अलगद सोडवलं, वर घेतलं आणि ट्रेमध्ये टाकलं. मग बोळा दाबून कॅप्टनना सांगितलं की तासभर तोंड उघडायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही, आणि बाहेर बसायचं. आयुष्यात एवढं सुख त्यांना कोणत्याच सूचनेने दिलं नव्हतं.

तेवढ्यावर राग ओसरला नाही. हात धुऊन ते तडक मागच्या खोलीत गेले. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. त्यांनी ते बसकं टरेट दिव्याखाली धरलं, ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, श्वास रोखला आणि हाताकडे बघत बघत आकडा काढला. तीन ठीक आला. शून्याला पोट आलं. सात निघाला तो उतारावरून घसरत खाली गेला आणि तोफेच्या बुडाशी जाऊन थांबला.

डॉक्टर स्टुलावर बसून राहिले. वहिनी चहा घेऊन खाली आल्या तेव्हाही ते तसेच बसले होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, आणि इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेल्या माणसाने सगळं सांगून टाकलं. सुई हलली ती, आकड्याची अट, चौकात पाठवलेल्या दाढा. “हात हलतो माझा,” ते म्हणाले. “मला फार भीती वाटते गं. मला दुसरं काही येत नाही.”

वहिनींनी चहा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या आधी रागावल्या. “एवढी मोठी गोष्ट, आणि मला सांगायचं सोडून तुम्ही रणगाड्याला विचारत बसलात?”

पाटी आजच उतरवू, एवढं डॉक्टर पुटपुटले.

“बाहेर कॅप्टन गप्प बसलेत,” वहिनी म्हणाल्या. “त्यांची दाढ कोणी काढली?”

“मी.”

“हात हलला?”

डॉक्टरांनी आठवून बघितलं. त्यांना दाढ आठवली, मुळाचं टोक आठवलं, कॅप्टनचा एकेक शब्द आठवला. स्वतःचा हात काही केल्या आठवेना.

“नाही हलला,” दारातून मावशी म्हणाल्या. त्या ट्रे घेऊन उभ्या होत्या. “मी टक लावून बघत होते. पहिल्या दिवसापासून बघतेय मी.”

पण डॉक्टर हट्टी. ठरलं ते ठरलं. त्यांनी टरेट पुढे केलं आणि आकडा वाकडा आलाय हे दोघींना दाखवलं. वहिनींनी ते हातातून घेतलं, उजेडात धरून नीट पाहिलं. फारच वाकडा आलाय, हे त्यांनी मान्य केलं. मग म्हणाल्या की तुमच्याकडे पेशंट काय आकडे काढून घ्यायला येतात? आणि चहा निवतोय तो आधी प्या.

डॉक्टर चहा प्यायले. तो निवलाच होता. बाहेर कॅप्टन काचेतून खुणा करत होते. त्यांना आकड्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं, आणि बोळा काढायची परवानगी नव्हती.

मावशींनी ट्रे ठेवला, पदराला हात पुसले आणि उद्यापासूनच्या पेशंटचं काय करायचं ते विचारलं. या म्हणून सांगा, डॉक्टर म्हणाले. मावशी जायला वळल्या आणि थांबल्या.

“अवघड दाढांचे पण?”

डॉक्टरांची नजर आपसूक हाताकडे चालली होती. त्यांनी हात खिशात घातला.

“त्यांना आधी बोलवा.”